रिकाम्या पदराचा गड

एका राज्यात, जिथल्या डोंगरांवर बाराही महिने ढग विसाव्याला येत, एक गड होता. गडावर वज्रकेतू राजा नांदत होता. शूर म्हणावा तर शूर, दानी म्हणावा तर दानी. पण हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायचा नाही.

त्याची एकुलती लेक हेमगौरी. तिनं एका नावाड्याला माळ घातली. झालं! राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक सासरी निघाली, तेव्हा यशोमती राणी सुपात तांदूळ, नारळ आणि खण घेऊन महाद्वारात आली. रीतच आहे ती. भिकारणीची लेकसुद्धा माहेराहून ओटी भरल्यावाचून निघत नाही. पण राजा कडाडला, "खबरदार! ही रिकाम्या पदरानं जाईल." राणीचा हात सुपातच थांबला. लेक तशीच गड उतरली.

पायथ्याशी करालनाथ मांत्रिक धुनी पेटवून बसला होता. त्यानं तो रिकामा पदर पाहिला आणि चिमूटभर राख गडाकडे उधळली. "लेक रिकामी उतरली, गड रिकामा होवो!" तत्क्षणी बुरूज ढासळले, तट फुटले, माणसं होती तिथं शिळा झाली.

वर्षं लोटली. एके दिवशी हेमगौरीच्या दारातल्या झाडावर धनेश पक्षी येऊन बसला आणि म्हणाला, "बाई, तुझी आई अजून दारात उभी आहे. अंगाचा दगड झालाय, डोळे जिवंत आहेत. ते तुझ्या वाटेकडे लागलेत."

हेमगौरीनं हातातलं काम तिथंच टाकलं. नावाडी म्हणाला, "मीही येतो."

"नको. त्या गडानं तुम्हांला जावई मानलं नाही, वाट कसली देतोय? मला आईला एकदा डोळाभर पाहू द्या. दुसरं काही नको."

कारवी फुलली होती, कड्याकड्यावरून पाणी कोसळत होतं. दृष्ट लागावी असा डोंगर, आणि माथ्यावर तो पडका गड, देखण्या तोंडातल्या किडक्या दातासारखा!

पहिल्या दरवाजाला काटेवेलीनं विळखा घातला होता. शस्त्रानं ती तुटत नव्हती. हेमगौरीनं एकेक गाठ बोटांनी सोडवली. हात रक्तबंबाळ झाले, वेल बाजूला झाली.

दुसऱ्या दरवाजात नाग बसला होता. "केसांचा काळेपणा दे," तो म्हणाला. तिनं दिला. पांढरे केस घेऊन ती पुढं चालू लागली.

तिसरं महाद्वार. ते राजाच्या आवाजात बोललं. "म्हण, चूक माझी होती."

हेमगौरीनं दाराकडे रोखून पाहिलं. चूक तिची नव्हती. ती जाणत होती, आणि मेलं ते दारही जाणत होतं! पण पलीकडे आई होती. "चूक माझी होती," ती म्हणाली. दार करकरत उघडलं.

तेवढ्यात तिच्या मागोमाग उडत आलेला धनेश बोलला, "बाई, एक सांगायचं राहिलं. ओटी भरली की शाप सुटेल. पण भरणारी उरणार नाही."

"मग नकोच मला ओटी. बघेन आणि परत जाईन."

उंबरठ्याआड राणी उभी होती, हातात सूप तसंच. लेकीला पाहताच जिवंत डोळ्यांतून दगडी गालांवर पाणी ओघळलं. ओठ हलले. "पदर पसर."

"आई, नको गं!"

"पसर म्हणते ना! उभी राहून राहून पाय भरून आलेत माझे."

आईची आज्ञा. हेमगौरीनं पदर पसरला. राणीनं पहिली ओंजळ घातली. "जावई सांभाळतात ना?"

"फुलासारखं."

"केस कशानं पांढरे झाले?"

"उन्हानं, आई."

"आणि हात?"

"नावेचा दोर ओढून."

"खोटं बोलायला बरी शिकलीस," राणी हसली. खण, नारळ पदरात पडला, पाचवी ओंजळ पडली आणि सूप खाली आलं. उंबरठ्यावर मूठ-दोन मुठी माती उरली.

बुरूज उभे राहिले. निशाण चढलं, नौबत झडली, घोडे खिंकाळले. शिळांची माणसं झाली आणि जिथं कामं थांबली होती तिथून पुढं करू लागली. राजा धावत महाद्वारात आला. पांढऱ्या केसांची लेक त्यानं ओळखली, त्याला गहिवरून आलं.

"लेकी, माझा गड परत दिलास! आत ये. हे तुझंच माहेर आहे." मग त्याची नजर खाली गेली. "अरे, शुभ वेळी दारात ही माती कसली? झाडून टाका!"

दासी केरसुणी घेऊन पुढं झाली.

"थांब," हेमगौरी म्हणाली. "महाराज, ती माझी आई आहे."

राजा मातीपाशी वाकला. तो सगळ्या राज्याचा धनी होता, पण त्या मातीला हात लावायचं धाडस त्याला झालं नाही. हेमगौरीनंच माती गोळा केली आणि ती गड उतरू लागली. "पोरी, माहेरी राहा गं," राजा मागून म्हणाला.

"माहेर आईचं असतं, महाराज."

शाप सरला, गड सावरला, प्रजा सुखानं नांदू लागली. राजानं फर्मान काढलं की राज्यातली एकही लेक यापुढं रिकाम्या पदरानं जाणार नाही. चांगलं फर्मान होतं. त्याची स्वतःची लेक मात्र पुन्हा कधी तो गड चढली नाही.