हौसाची झाकलेली टोपली

सर्जेराव इनामदारांच्या मोकाट म्हशींनी हौसा माळणीच्या मळ्यात शिरून तोडणीला आलेल्या टोमॅटोंचा पार चिखल केला. हौसा तक्रार घेऊन सदरेवर गेली, तर इनामदार मिशीला पीळ देत हसले.

"फुकट खाल्ले का? शेण टाकून गेल्यात ना! त्याचं खत होईल, खतावर पुन्हा टोमॅटो येतील. ऊठ, कामाला लाग."

हौसा मळ्यात परतली.

दुसऱ्याच दिवशी इनामदारांकडे पाहुणे जेवायला आले आणि स्वयंपाकघरातून हौसाला टोमॅटोंसाठी निरोप गेला. तिने केळीच्या पानाने झाकलेली टोपली आणून थेट पाहुण्यांसमोर ठेवली. इनामदारांनी ऐटीत पान उचललं. आत शेण!

"हे काय आणलंस?" ते कडाडले.

"टोमॅटोच आहेत, सरकार," हौसा शांतपणे म्हणाली. "पाहुण्यांना तेवढं जरा थांबायला सांगा."