वाफसा जेवायला आला त्याची कहाणी

ऐक भुईमाय, तुझी कहाणी. बायांनो, हातातलं खाली ठेवा, कुजबुज पुरे करा, आणि ऐका.

आटपाट नगर, नगराला वेस, वेशीच्या आत एक घर. घरापुढं अंगण, घरामागं परस. घरात तीन माणसं. निंबाजी म्हातारा, त्याचा लेक आणि लेकाची बायको हौसा. लेक बैल घेऊन मिठाच्या गोण्या आणायला समुद्राकडं जाई. तिकडूनच त्यानं हौसा आणली. ती मिठागरावरची पोर. तिकडं जमीन खारी, पानाला जागा नाही. कुदळ कशी धरावी तेही तिला ठाऊक नव्हतं.

निंबाजीची बायको भागाई. तिच्या हाताचा दोडका अख्ख्या नगरात नावाजलेला. ती गेली, त्याला तीन वर्षं झाली. ती गेली तसा निंबाजीनं परसाचा दरवाजा लावून घेतला. वेलांची आळी बुजली, मांडव मोडला, परसात काटे माजले. भागाईचं बी तेवढं राहिलं, वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात, राखेत. त्याला कुणी हात लावायचा नाही. बाजारची भाजी घरात आणायची नाही. निंबाजी भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडे. हौसा ताट आणी, तो अर्धी भाकर खाई, ताट सारी. आधी अर्धी, मग चतकोर, मग नुसता घास.

"मामंजी, आणखी एक घास."

"लाकूड चावतोय मी. ने ते."

हौसाच्या मनात भीती शिरली. धनी परगावी, आणि म्हातारा असा दिवसादिवसानं वाळतोय.

मग काय झालं? होळी आठ दिवसांवर आली, पळस फुलला. भर दुपारी एक म्हातारी दारात आली. अंगावर मातकट लुगडं, नखांत माती. म्हणाली, "माय, भाजी-भाकर वाढ."

हौसानं भाकर दिली, भाकरीवर मीठ दिलं, आणि मान खाली घातली.

"परस असून भाकर कोरडी का गं?"

"आजी, सासूबाई गेल्या, परस निजलं."

"बी आहे?"

"आहे. मामंजी हात लावू देत नाहीत."

"वर्षं किती झाली?"

"तीन."

"मग यंदाच. चौथ्या पावसाळ्याला ते बी मरेल. भुईत गेलं तर सासू घरात राहिली. नाही गेलं तर ती गेली, आणि तिच्यामागं तुझा सासरा गेला."

हौसा रडकुंडीला आली. "आजी, मला काही वसा सांगा."

"घेशील, आणि अर्ध्यात टाकशील."

"टाकणार नाही."

"मग ऐक. धुळवडीला काटे काढावेत, भुई खणावी. ढेकळं उन्हात तापू द्यावीत. रंगपंचमीला शेणखत घालावं, होळीची राख घालावी, पाच आळी करावीत, भुईला पोटभर पाणी पाजावं. मग थांबावं. वाफसा आला की बी द्यावं. त्याच्या आधी देऊ नये, तो गेल्यावर देऊ नये. पहिलं फळ रुसलेल्याच्या ताटात वाढावं."

इतकं बोलून म्हातारी गेली. हौसाच्या मनात आलं, हा वाफसा कोण? असेल कुणी मोठा माणूस. विचारायला हवं होतं. पण नव्या सुना विचारत नाहीत, आणि मग घोटाळे होतात.

धुळवड आली. हौसानं परसाचा दरवाजा उघडला. बाजेवरून निंबाजी ओरडला, "काय खणतेस? हंडा पुरलाय का तिथं?"

"व्रत आहे, मामंजी."

"व्रतात उपास करतात, कुदळ नाही मारत!"

हौसानं खणलं. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, "कुदळ अशी धरतात? साप मारतेस का?" तिनं धरणं बदललं. मग आणखी थोड्या वेळानं, "खोल जाऊ दे. वरवर काय खाजवतेस भुईला!" तोंड भिंतीकडंच, पण कान परसात.

रंगपंचमीला सगळं नगर रंग खेळलं. हौसानं खत घातलं, राख घातली, पाच आळी केली, विहिरीच्या पाण्याची कळशीमागून कळशी ओतली. मग दुसऱ्या दिवशी सडा घातला, रांगोळी काढली, भात रांधला, पाट मांडला आणि उंबऱ्यात वाट बघत बसली.

पहिल्या दिवशी कासार आला. हौसा उठली. "आपण वाफसा का?"

"मी कासार, बाई. बांगड्या भरायच्यात?"

"नको."

भात गाईला गेला.

दुसऱ्या दिवशी दरवेशी आला, बरोबर अस्वल. हौसानं दोघांकडं पाहिलं. "तुमच्यातला वाफसा कोण?"

दरवेशानं अस्वलाकडं पाहिलं, अस्वलानं दरवेशाकडं पाहिलं. दोघं पुढच्या घरी गेली.

भात पुन्हा गाईला गेला.

तिसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. सूर्य माथ्यावर आला. हौसाचे डोळे भरले. आळी सुकायला लागली. आता काय करावं?

निंबाजीनं बाजेवरून कूस बदलली. "तीन दिवस बघतोय. पाट कुणासाठी गं? कोण येणाराय?"

"वाफसा येणारेत, मामंजी."

"कोण?"

"वाफसा. ते आल्यावर बी द्यायचंय. अजून आले नाहीत. वाट चुकले असतील."

निंबाजीनं पाटाकडं पाहिलं. मग बाज करकरली. मग त्याचं पोट हललं. मग म्हातारा हसला, असा हसला की चुलीपाशी बसलेलं मांजर पळालं. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पाणी थांबेना. "अगं वेडे! भागाई असती तर नगरभर सांगत फिरली असती!"

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिचं नाव घेतलं.

मग तो उठला. काठी घेतली, उंबरा ओलांडला, परसात उतरला. आळ्यापाशी बसला, वरची खपली बाजूला केली, खालची माती मुठीत घेतली. "वाफसा म्हणजे पाव्हणा नव्हे, बये. पाणी पिऊन भुई पेरायला तयार होते, त्याला वाफसा म्हणतात. मूठ आवळायची. लाडू झाला नाही तर भुई सुकली. झाला तर कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. भुईवर लाडूच राहिला तर अजून ओल जास्त, बी कुजेल. चुरा झाला तर वाफसा आला. सोड."

हौसानं त्याच्या मुठीतला लाडू घेऊन सोडला. भुईवर पडला आणि चुरा झाला.

"आला!" निंबाजी ओरडला. "उद्या जाईल. बी आण!"

"तुंबा कुठं आहे, मामंजी?"

म्हातारा ओशाळला. "माझ्या उशाशी."

तुंबा आणला. राख झटकली. आत भागाईच्या लुगड्याचं फडकं, फडक्यात काळंभोर बी. बरंचसं पोचट झालेलं. निंबाजीनं एकेक दाबून पाहिलं. भरीव निघाली पाचच. आळीही पाचच. त्यानं बोटाच्या एका पेराइतकं भोक पाडलं, हौसानं बी ठेवलं, त्यानं माती लोटली. असं पाच वेळा केलं. मग दोघं घरात आली. हौसानं म्हाताऱ्याला मांडलेल्या पाटावर बसवलं, मातीच्या हातांसकट. भात वाढला. निंबाजी दोनदा मागून जेवला, आणि वर म्हणाला, "मीठ जास्त झालंय. मिठागरावरची ना तू!"

मग एक दिवस गेला, दोन गेले, सात गेले. परसात काही हललं नाही. निंबाजी पुन्हा बाजेकडं वळला. हौसानं भुईला हात लावला, म्हणाली, "माय, मी अर्ध्यात टाकलं नाही. तूही टाकू नकोस."

पाडव्याची पहाट झाली. हौसा गुढीची काठी धुवायला परसात गेली. चार आळी तशीच. पाचव्यात माती उचललेली, त्यातून एक कोंब, डोक्यावर बियाची काळी टोपी.

"मामंजीऽ!"

म्हातारा काठी विसरून धावला. गुडघ्यावर बसला. कुणी ऐकत नाहीसं पाहून हळूच म्हणाला, "आलीस होय गं?"

हौसानं ऐकलं. पण ऐकलं नाहीसं दाखवलं.

वेल नव्या मांडवावर चढला, पिवळा फुलला, वैशाखात लोंबला. पहिला दोडका निंबाजीच्या ताटात पडला, शिरांची चटणी त्याच्या शेजारी. दुसरा वेलावरच वाळू दिला, बियासाठी. हौसाचा धनी मीठ घेऊन परतला, तर बाप परसात उभा राहून शेजारणींवर खेकसतोय, "पायाखाली बघा, वेल तुडवाल!"

मग ती म्हातारी पुन्हा आली. भाजी-भाकर पोटभर जेवली. विचारलं, "वाफसा आला होता का गं?"

"आला होता, आजी. मामंजींच्या पायांनी आला."

म्हातारी हसली, परसात गेली, आणि परत कुणाला दिसली नाही.

तेव्हापासून त्या घरात वाफसा आला की पाट मांडतात, आणि घरातल्या सगळ्यांत थोरल्याला, तो कितीही खेकसत असो, त्यावर बसवतात.

जशी हौसाला भुई पावली, जसा निंबाजी बाजेवरून उठला, तशी तुम्हांआम्हां पावो, घरोघरचे रुसलेले जेवायला उठोत. ही साठां आळ्यांची कहाणी पांचा आळ्यांत पेरली, एकात उगवली, सुफळ संपूर्ण.