पुरचुंडीतले वजन

एकदा एका अळिंबी संशोधन केंद्रात एक वयोवृद्ध बाई आणि त्यांचा श्रीरंग नावाचा शिष्य धिंगरी अळिंबीचा अभ्यास करीत होते. शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसांना असते तेवढी घाई त्यालाही होती. एका नव्या वाणाला उन्हाळ्याएवढी उष्णता दिली, की उष्णतेपासून रक्षण करणारे त्याचे जनुक चौपट काम करू लागते, असे त्याला आढळले. हा वाण उन्हाळ्यात तग धरेल, असा अहवाल त्याने लिहूनही टाकला. जवळच्या गावातील महिलांचा एक गट त्या अहवालाकडे डोळे लावून बसला होता. होकार आला, की त्या भर उन्हाळ्यात या वाणाच्या, पेंढा भरलेल्या दीडशे पिशव्या लावणार होत्या.

"बाई, तुमची सही तेवढी राहिली आहे," शिष्य म्हणाला.

बाईंनी अहवाल वाचून बाजूला ठेवला आणि कपाटातून जुना तराजू काढला. एका पारड्यात ताज्या अळिंबीचा घड ठेवला, दुसऱ्यात वजन म्हणून वाळलेल्या अळिंबीची कापडी पुरचुंडी. दोन्ही पारडी समान केली.

"हा लागवडीच्या खोलीत ठेव. उद्या घडाचं काय झालं ते मला सांग."

शिष्याला याचा अर्थ कळला नाही, पण त्याने तसे केले. त्या खोलीतील हवा कायम दमट ठेवलेली असते. दुसऱ्या दिवशी घडाचे पारडे चांगलेच वर गेले होते.

"घड हलका झाला," त्याने खात्रीने सांगितले.

बाईंनी घड डिजिटल काट्यावर ठेवला. आदल्या दिवशी त्यांनी वहीत दोनशे दहा ग्रॅम लिहून ठेवले होते. आता दोनशे आठ भरले. मग त्यांनी पुरचुंडी शिष्याच्या हातात दिली. ती ओलसर आणि जड लागत होती.

"तू घडाकडे पाहत राहिलास, वजनाकडे पाहिलंच नाहीस," बाई म्हणाल्या. "पुरचुंडीतही अळिंबीच आहे, ती दमट हवेतलं पाणी शोषणारच. न बदलणारं वजन मानून तू ज्या संदर्भ जनुकाशी तुलना करतोस आणि चौपट म्हणतोस, तेही त्याच अळिंबीत राहतं. उष्णतेनं तेच मंदावलं असेल, तर दुसरं वाढल्यासारखं दिसेल."

"पण बाई, ते जनुक सगळेच वापरतात."

"त्यांच्याकडे ते स्थिर असेलही. तुझ्या अळिंबीत, तुझ्या उष्णतेत ते स्थिर राहतं का, हे तू तपासलंस?"

शिष्याने मान हलवून नाही म्हटले. त्याने विचारले, "मग कोणत्या जनुकावर विश्वास ठेवायचा?"

"आधीच कोणावरही नाही. आठ-दहा घे, त्याच उष्णतेत एकमेकांशी ताडून पाहा. जी जागची हलत नाहीत, त्यातली दोन-तीन मिळून वजन म्हणून वापर."

महिनाभर शिष्याने तेच केले. सर्वांचे ते नेहमीचे जनुक उष्णतेत निम्म्याहून खाली घसरत होते. स्थिर निघालेल्या तीन जनुकांशी तुलना केल्यावर रक्षण करणाऱ्या जनुकाची चौपट वाढ सव्वापटीवर आली. त्याला फार वाईट वाटले. दोन वर्षांचे काम होते ते. तरी जुना अहवाल त्याने स्वतःच फाडला आणि गटाच्या प्रमुख बाईंना फोन लावला.

"ताई, या उन्हाळ्यात तो वाण लावू नका. माझं मोजमाप चुकलं होतं."



"बरं झालं आजच सांगितलंत," त्या म्हणाल्या. "होकार येईलच असं धरून उद्या सकाळी आम्ही पेंढा भिजत घालणार होतो."