टिचकूच्या दारावर चाक

बसलात का मांडी घालून? तोंडातला हात काढा बघू. आता कान इकडे.

एक होता टिचकू. खेकड्याचं पिल्लू. केवढं? शर्टाच्या बटणाएवढं. चालायचं कसं? तुरुतुरु तुरुतुरु, तिरकं तिरकं. सरळ चालेल तो खेकडा कसला!

शेवंतीकाकींच्या अंगणात, माडाखाली टिचकूचं बीळ होतं. बिळात टिचकूची आई होती.

दिवाळीची सुट्टी लागली. काकींच्या कौलारू घरात शहरातले पाहुणे राहायला आले. पप्पा, मम्मा आणि छोटी मुक्ता. एक दिवस ते समुद्रावर गेले. मग गडावर गेले. आज नदीवर जायचं होतं. जायचं होतं खरं, पण निघत कुणीच नव्हतं!

सकाळी टिचकू दव प्यायला बाहेर आला. गवतावर चढला. दव प्यायला, चुट चुट.

तेवढ्यात पप्पांनी गाडी पुढे घेतली. सामान ठेवायला माडाखाली उभी केली. आणि गेले ओसरीवर.

टिचकू घरी निघाला. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका. बघतो तर काय! दारावर चाक! काळं काळं, गोल गोल, हे एवढं मोठं!

खालून आईची हाक आली, "टिचकूऽऽ, ये रे घरी!"

पण येणार कुठून? दारच नाही! पलीकडे काकींची कोंबडी दाणे टिपत होती, टक टक टक. टिचकूला कोंबडीची फार भीती वाटायची. त्याला रडूच आलं.

टिचकू गाडीला म्हणाला,
"गाडीताई, गाडीताई, हलशील का?
दार उघडेना,
आई आत नि मी बाहेर!"

गाडी म्हणाली, "मी कशी हलू बाबा? पप्पा चावी फिरवतील, तर मी हलेन."

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका. ओसरीवर पप्पा बसले होते. चावी वाजवत होते, खुळ खुळ खुळ.

"पप्पा, पप्पा, चावी फिरवाल का?
गाडी हलेना,
दार उघडेना,
आई आत नि मी बाहेर!"

पप्पा म्हणाले, "छे छे! समुद्रावर जाताना मी घाई केली. मम्मा फाटकातच राहिली! अजून बोलणी खातोय. आधी मम्मा गाडीत बसेल, मग मी चावी फिरवेन."

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका. पायरीवर मम्मा उभी होती. डोक्यावर टोपी, पायात बूट. सगळं तयार.

"मम्मा, मम्मा, गाडीत बसाल का?
पप्पा चावी फिरवेनात,
गाडी हलेना,
दार उघडेना,
आई आत नि मी बाहेर!"

मम्मा म्हणाली, "मुळीच नाही! गडावर गेलो आणि डबा घरीच राहिला. पोटात नुसते कावळे ओरडत होते. आधी डबा भरेल, मग मी बसेन."

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका. स्वयंपाकघरात डबा होता. आऽऽ करून बसला होता.

"डबूदादा, डबूदादा, भरशील का?
मम्मा गाडीत बसेना,
पप्पा चावी फिरवेनात,
गाडी हलेना,
दार उघडेना,
आई आत नि मी बाहेर!"

डबा म्हणाला, "मी काय हवेने भरू? काकी घावनं देतील, तर मी भरेन."

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका. काकी चुलीपाशी बसल्या होत्या. तव्यावर तांदळाचं पीठ ओतत होत्या. चुर्रर्र! पांढरं पांढरं, जाळीदार घावन. परातीत घावनांचा ढीग झाला होता.

"काकी, काकी, घावनं द्याल का?
डबा भरेना,
मम्मा गाडीत बसेना,
पप्पा चावी फिरवेनात,
गाडी हलेना,
दार उघडेना,
आई आत नि मी बाहेर!"

काकी म्हणाल्या, "द्यायला काय झालं रे सोन्या! पण आमच्या घरात पयलं घावन धाकट्याचं. ते बघ, बशीत तसंच पडलंय. धाकट्याने खाल्ल्याबिगर डब्यात एक नाय जायचं!"

"धाकटं कोण?"

"ती काय, दाराआड फुगून बसलीय."

टिचकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु, तिरका तिरका. दमला बिचारा! आठ पायांचा खेकडा, आठही पाय दुखायला लागले. दाराआड मुक्ता होती. गाल टम्म फुगलेले.

"मुक्ता, मुक्ता, पहिलं घावन खाशील का?
काकी घावनं देईनात,
डबा भरेना,
मम्मा गाडीत बसेना,
पप्पा चावी फिरवेनात,
गाडी हलेना,
दार उघडेना,
आई आत नि मी बाहेर!"

मुक्ता म्हणाली, "नाही, नाही, नाही! धाकट्याचं घावन मला नकोच! समुद्रावर म्हणाले, तू लहान, पाण्यात नको. गडावर म्हणाले, तू लहान, कडेवर ये. मी नाहीये लहान!"

टिचकूने वर पाहिलं. आणखी वर पाहिलं. मुक्ता संपतच नव्हती!

"तू लहान?" टिचकू म्हणाला. "अगं, तुझा अंगठासुद्धा माझ्याहून मोठा आहे!"

मुक्ता खाली वाकली. टिचकूशेजारी अंगठा ठेवला. खरंच की! अंगठा मोठा, टिचकू छोटा. गालांतली हवा गेली, फुस्स! आणि मुक्ता हसली.

"काकीऽऽ! मी धाकटी नाहीच! धाकटा हा आहे!"

काकींनी वाकून पाहिलं. "अगो बाय! खरंच गो! मग पयलं घावन ह्याचंच."

मुक्ताने बशी खाली ठेवली. टिचकूने घावन खाल्लं, कुटुम कुटुम. एक तुकडा नांगीत धरला, आईसाठी.

आणि मग काय!
काकींनी घावनं दिली, पटापट.
डबा भरला, झाकण लागलं, खटाक!
मम्मा गाडीत बसली, धप्प!
पप्पांनी चावी फिरवली, घुर्रर्र!

मुक्ता पायरीवर उभी राहिली. तळहातावर टिचकू. कोंबडी जवळ आली, तर मुक्ता म्हणाली, "हूश!" कोंबडी पळाली.

"पप्पा, हळू हं! खाली यांचं घर आहे."

"बरं, मोठ्या बाई," पप्पा म्हणाले.

गाडी हलली. हळूऽऽऽ, हळूऽऽऽ. चाक सरकलं.

पण दार कुठाय? सगळी माती! टिचकूने डोळे ताणले. मुक्ता पायरी उतरून माडाखाली वाकली. पप्पा, मम्मा, काकी, सगळ्यांनी कान लावले.

खुर खुर. खुर खुर.

माती हलली. एक नांगी वर आली. दुसरी नांगी वर आली. आणि वर आली टिचकूची आई!

मुक्ताने हात खाली टेकवला. टिचकू धावला. तुरुतुरुतुरुतुरु!

"कुठे होतास रे? किती हाका मारल्या! माझा जीव नुसता टांगणीला लागला होता!" आईने त्याला दोन्ही नांग्यांत घट्ट धरलं.

"आई, हे घे घावन. पहिलं घावन मला मिळालं. मी धाकटा आहे ना!"

"हो रे माझ्या धाकट्या," आई म्हणाली.

पाहुणे गेले नदीवर. मुक्ता कडेवर गेली का? छे! आपल्या पायांनी गेली. परत आल्यावर पप्पांनी गाडी पार फाटकापाशी लावली.

आणि टिचकू? तो कधीच आईच्या कुशीत शिरला. त्याला किती बरं वाटलं! आता तुम्हीही शिरा बघू कुशीत. बिळात टिचकू निजला, घरात आपण निजलो, गोष्टीचे डोळे मिटले.