काकडीच्या वेलाचं लग्न

आलात का सगळे? ए, पाय आत घे आधी. आणि आज राजाची गोष्ट मागायची नाही. राजाच्या बागेत माळी राबतात, त्याला मेल्याला काय कळणार बागेतलं! आजची गोष्ट एका साध्या बाईची आणि तिच्या परसातली.

तर एकदा काय झालं, खाडीच्या काठाला एक गाव होतं. तिथे द्वारकाबाई राहायची. घर लहानसं, पण मागचं परस असं की बघत राहावं. अळू, भेंडी, पडवळ, मिरच्या, सगळं सगळं. आणि सगळ्यांत भारी तिची काकडी. हातभर लांब, बरं का! त्या काकडीचं धोंडस करायची ती. धोंडस म्हणजे काय ठाऊक आहे ना? काकडी किसायची, तांदळाचा रवा घालायचा, गूळ घालायचा, आणि वर-खाली निखारे ठेवून भाजायचं. अहाहा! आता नाही मिळणार, रात्र झाली. गप्प ऐका.

द्वारकाबाईला एकुलती एक लेक, मंजुळा. तिला दिवस गेले. म्हणजे बाळ होणार होतं तिला. आईनं तिला माहेरी आणलं, पण तिच्या पोटात अन्न म्हणून ठरेना. भात खाल्ला, उलटी. पेज घेतली, उलटी. पोर सुकून नुसती काडी झाली. वैद्यबुवा आले, नाडी बघितली आणि म्हणाले, "द्वारकाबाई, हिच्या पोटात काहीतरी टिकायला हवं. नाहीतर हिचंही कठीण आणि बाळाचंही कठीण."

मग आईनं विचारलं, "बाळे, तुला काय खावंसं वाटतं?"

मंजुळा म्हणाली, "आई, आपल्या परसातल्या काकडीचं धोंडस."

बाजारातून काकडी आणली, तिचं धोंडस केलं. तेही उलटून पडलं. आपल्या परसातलीच हवी होती तिला. डोहाळेच ते, त्यांना काय सांगणार! आणि परसातले वेल तर कधीच वाळून गेलेले, नवं बीच लावायला हवं होतं.

आता काकडीचं बी कसं ठेवतात, सांगते. राखेत घोळवायचं, शेणाच्या गोळ्यात दाबायचं आणि तो गोळा चुलीमागच्या भिंतीवर थापायचा. म्हणजे कीड लागत नाही. द्वारकाबाईनं भिंतीवरचा गोळा फोडला. बघते तर काय, उंदरांनी सगळं बी पळवलेलं! तीनच दाणे उरलेले.

मग तिनं पहिलं बी लावलं. पण जिवाला चैन कुठलं? सकाळी उकरून बघितलं, आलं का. दुपारी उकरून बघितलं, आलं का. संध्याकाळी परत उकरलं. शेवटी त्या बियातून बारीकसा आवाज आला, "बाई, मला झोपूच दिलं नाहीस. आता मी काय रुजणार?" आणि ते बी पिचून गेलं. बघा, बियालासुद्धा झोप लागते. डोळे मिटून ऐक म्हणते ते उगाच नाही.

मग तिनं दुसरं बी लावलं. या वेळी उकरलं नाही हो, शहाणी झाली होती. बी रुजलं, दोन पानं आली. द्वारकाबाईला कोण आनंद! तिला वाटलं, याला ताकद हवी. मग काय, लेकीला पाजायचं ते दूध रोपाला पाजलं. वर चमचाभर तूप. वर गुळाचं पाणी. गुळाला मुंग्या लागल्या, दुधानं मुळं कुजली. रोप म्हणालं, "बाई, मला पाणी पुरे होतं गं!" आणि आडवं झालं ते झालंच.

मग तिसरं बी. शेवटचं. द्वारकाबाईनं ते लावलं आणि हाताची घडी घालून लांब बसली. रोज बेताचं पाणी दिलं. वेल आला, मांडवावर चढला, पिवळ्याधमक फुलांनी भरून गेला. मंजुळा दारात बसून बघायची आणि हसायची. कितीतरी दिवसांनी हसली बिचारी.

फुलं आली तशा मधमाश्या आल्या, गुं गुं करत. द्वारकाबाई घाबरली. म्हणाली, "अगं बाई! माझी पोटुशी लेक इथे बसते. चावल्या म्हणजे?" तिनं शेणी पेटवल्या, वर कडुनिंबाचा पाला टाकला आणि असा धूर केला, असा धूर केला, की माश्या गेल्या पळून. मग रोजच धूर करायला लागली.

आणि मग काय झालं, फुलांच्या मागे इवल्या इवल्या काकड्या दिसायच्या, पिवळ्या पडायच्या आणि गळायच्या. एक गळली, दोन गळल्या, गळतच राहिल्या.

त्यात शेजारची आवडाक्का आली. म्हणाली, "द्वारके, ही बघ काकडी धरली," आणि दाखवलं सरळ बोट! कोवळ्या फळाकडे बोट करायचं नसतं म्हणतात ना, सडतं म्हणून? बोट वाकडं करून दाखवायचं. झालं! द्वारकाबाईचं डोकं फिरलं. "तुझ्याच बोटानं माझ्या काकड्या गळतात! पाऊल टाकू नकोस माझ्या परसात!" असं वाट्टेल ते बोलली. आवडाक्का रडत घरी गेली.

तेव्हा वेल बोलला. "बाई, त्या गरीब बाईच्या बोटाला कशाला नावं ठेवतेस? माझ्याकडे नवऱ्याची फुलं आहेत, नवरीची फुलं आहेत. नवरीच्या फुलामागे बारीक काकडी असते बघ. पण त्यांचं लग्न लावतात मधमाश्या, आणि त्यांना तू हाकललंस. लग्नच नाही तर काकडी कशी धरेल? आता नवरीची एकच कळी राहिली आहे. उद्या सकाळी उमलेल, दुपारी मिटेल. मग मी संपलो."

द्वारकाबाईनं धावत जाऊन शेणी विझवल्या. सकाळ झाली, कळी उमलली. पण माश्यांचा पत्ता नाही! मग तिनं ठरवलं, आपणच लग्न लावू. नवऱ्याचं फूल खुडायला गेली, तर घाईघाईत ओढलंच. फूल चुरगळलं. दुसरं घेतलं, तेही चुरगळलं. नवरीला धक्का लागला असता तर सगळंच संपलं असतं.

मग ती गेली आवडाक्काच्या दारात.

आवडाक्का म्हणाली, "आता का आलीस? माझं बोट लागेल ना तुझ्या काकडीला?"

द्वारकाबाई रडायलाच लागली. "लागू दे, आक्का. चुकले मी. माझी पोर मरायला टेकली आहे गं."

"मग आधी नाही का सांगायचं, बये? चल!" असं म्हणून आवडाक्का अर्ध्या वेणीनिशी उठली.

मग लग्न लागलं, बरं का! मंजुळेनं आपला पदर धरला, तो अंतरपाट. द्वारकाबाईनं मंगलाष्टकं म्हटली, निम्मी विसरली. आवडाक्कानं अलगद नवऱ्याचं फूल खुडलं, "शुभमंगल सावधान!" म्हटलं, मंजुळेनं पदर बाजूला केला आणि फुलाला फूल टेकलं. तिघींनी अक्षता टाकल्या. आणि तेवढ्यात, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी, एक मधमाशी गुं गुं करत आली. द्वारकाबाईनं तिला हात जोडले.

आणि गंमत बघा, ती काकडी त्यांच्या डोळ्यांदेखत वाढायला लागली. दुपारी करंगळीएवढी, संध्याकाळी मनगटाएवढी, दुसऱ्या दिवशी हातभर!

द्वारकाबाईनं धोंडस केलं. मंजुळेनं एक घास खाल्ला. दोघी म्हाताऱ्या श्वास रोखून बसल्या. आता उलटतंय का, मग उलटतंय का. मंजुळेनं दुसरा घास खाल्ला. तिसरा खाल्ला. बशी रिकामी केली. पाणी प्यायली. तरी काही नाही. आणि मग तिनं रिकामी बशी पुढे केली.

"आई, आणखी दे."

द्वारकाबाईला वाढता येईना, इतकं डोळ्यांत पाणी आलं. आवडाक्कानंच वाढलं.

मग मंजुळेला गुबगुबीत मुलगी झाली. ती पण सुखी, तिची आई पण सुखी, आजी पण सुखी. चला, सगळ्यांची पोटं भरली, गोष्ट झाली. दिवा बारीक करते. आता हूं नाही की चूं नाही. झोपा.