संकासुराचं तोंड

बसा, सावकाश सांगतो. आमच्या कोकणात शिमग्याला संकासुराचं सोंग निघतं. अंगभर काळा पोशाख, तोंडावर बुरखा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. आत कोण आहे, हे कुणी ओळखायचं नाही, असा रिवाज.

गावच्या शेवंती घाडीनं त्याच संकासुराचं चित्र काढून देवळाच्या सभामंडपात लावलं. चित्र नव्या पद्धतीचं. जीभ पार पायापर्यंत, पोट नगाऱ्याएवढं, बोटं खराट्यासारखी. देवस्थानचे अध्यक्ष अण्णासाहेब परुळेकर चित्रासमोर आले आणि लालबुंद झाले.

"ही लांब जीभ म्हणजे माझी भाषणं! हे पोट म्हणजे प्रसादाचे लाडू! आणि ही बोटं म्हणजे मी सगळीकडे खुपसतो ती! पोरीनं माझीच टिंगल केलीय. चित्र होळीत टाका आणि हिला देवासमोर नाक घासायला लावा!"

शेवंतीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला.

शेवंती हात जोडून म्हणाली, "अण्णानू, संकासुराचं तोंड बुरख्यात असतं. मी ते काढलेलंच नाही. तरी तुम्ही स्वतःला ओळखलंत, तर खाली तुमचं नाव घालते. नाहीतर कुणाचंच नाही म्हणून राहू दे. काय करू, तुम्हीच सांगा."

अण्णासाहेबांनी मंडपभर बघितलं. लोक तोंडावर पंचे धरून उभे होते.

"कुणाचंच नाही," ते पुटपुटले.

चित्र अजून तिथंच आहे. कुणी पाहुणा "हे कुणाचं?" म्हणाला, की आम्ही हळूच अण्णासाहेबांच्या घराकडे बघतो आणि सांगतो, "कुणाचंच नाही हो!"