बुळबुळीत स्पंज

कृष्णाकाठच्या एका गावात रत्नप्रभा कुलथे नावाच्या बाई राहायच्या. त्यांच्या घरात बसायला धूळसुद्धा घाबरायची. पितळी डबे आरशासारखे, फरशी अशी की खुशाल त्यावर जेवायला बसावं. गल्लीत एखाद्या सुनेला टोमणा मारायचा झाला की सासू म्हणायची, "जा, जरा रत्नाकाकूंचा ओटा बघून ये." हे कानावर आलं की रत्नाकाकू लाजल्यासारखं हसायच्या आणि घरी येऊन पुसलेला ओटा पुन्हा पुसायच्या.

सगळ्या घरात एकच जागा त्यांच्या हाताबाहेर होती. बैठकीच्या खोलीतली माशांची टाकी. ती त्यांच्या यजमानांची, दिगंबररावांची. सूतगिरणीतून निवृत्त झाले त्याच महिन्यात त्यांनी ती आणली होती. टाकीत दोन सोनमासे. एक थोरला, पोट सुटलेला, खाणं पडलं रे पडलं की धावत वर येणारा. त्याचं नाव सरपंच. दुसरा धाकटा, शेपटीवर काळा ठिपका असलेला, सरपंचाचं झाल्यावरच तोंड उघडणारा. तो उपसरपंच. सात वर्षं दोघांचा कारभार बिनबोभाट चालला होता.

टाकीच्या कोपऱ्यात पाणी गाळायचा एक स्पंज होता. काळपट, बुळबुळीत. छोटा पंप पाणी त्यातून ओढायचा. काकूंना तो बघवत नसे.

"अहो, एकदा तरी तो बोळा साबणानं धुऊ द्या."

"त्या बोळ्यावर मासे जगतात, रत्ना. महिन्यातून एकदा टाकीच्याच पाण्यात हलका पिळायचा. बाकी हात लावायचा नाही."

"घाणीवर कोण जगतं?"

"बघ की. दोघं जगतायत तुझ्या नाकासमोर."

पुढे दिगंबररावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. सरपंच आणि उपसरपंच म्हणजे नुसते दोन नारिंगी डाग उरले. तरी ते रोज सकाळी काचेला नाक लावून बसायचे आणि मोठा डाग कुठला, धाकटा कुठला ते अंदाजानं ओळखायचे. शेवटी कोल्हापूरच्या लेकीनं, मंजिरीनं, डॉक्टर ठरवला. एक डोळा आधी, दुसरा आठ दिवसांनी, मग विश्रांती. असे तीन आठवडे लेकीकडेच राहायचं ठरलं.

निघताना दिगंबरराव म्हणाले, "नवे डोळे आले की आधी कुणाला बघणार, सांग?"

"मला."

"तू तर पाठच आहेस. आधी सरपंचाला."

काकू रुसल्या, पण उंबऱ्यापर्यंतच. उंबऱ्यावर त्यांनी नवऱ्याच्या हातावर दही घातलं. ते खाता खाता दिगंबररावांनी पुन्हा बजावलं, "चिमूटभर खाणं. आणि स्पंजला हात नाही."

दोन दिवसांनी शेजारच्या शेवंताबाई विरजण मागायला आल्या. त्यांना कुणाच्या घरात शिरलं की चार कोपऱ्यांत नजर टाकल्याशिवाय राहवत नसे. मनात वाईट काही नव्हतं, तोंडाला मात्र दार नव्हतं. त्या म्हणाल्या, "काकू, शेवाळाचा वास येतोय का हो कुठून? दुसरीच्या घरात असता तर बोललेही नसते."

विरजण घेऊन त्या गेल्या. वाक्य मात्र तिथंच राहिलं.

काकूंना ते दिवसभर टोचत होतं. त्यातून आणखी एक विचार निघाला, आणि तो मायेचा होता. इतक्या वर्षांनी माणसाला नीट दिसणार. त्याची पहिली नजर पडायची ती हिरवट काचेवर आणि त्या काळ्या बोळ्यावर? छे. त्यांना टाकी अशी दिसली पाहिजे की पाणी आहे का नाही तेही कळू नये. फोनवर काही सांगायचं नाही. एकदम दाखवायचं.

स्टँडजवळ नदाफांचं माशांचं दुकान होतं. दिगंबरराव तिथलं जुनं गिऱ्हाईक. काकू तिथं जाऊन म्हणाल्या, "पाणी एकदम चकाचक ठेवणारं मशीन द्या."

"कॅनिस्टर फिल्टर घ्या मग," नदाफ म्हणाले. "टाकीखाली ठेवायचा बंद डबा. एका नळीनं पाणी आत ओढतो, गाळतो, दुसऱ्या नळीनं परत सोडतो. टाकी केवढी आहे, वहिनी?"

काकूंनी दोन्ही हात पसरून दाखवली.

"मासे तेच दोन ना? गल्लीत लाईट किती वेळ जाते?"

"लाईटचा काय संबंध?"

"बंद डबा आहे. फार वेळ पंप थांबला की आतलं गुदमरतं." नदाफांनी फळीवरून एक राखाडी, बसक्या पोटाचा डबा काढला. "हा न्या. दिसायला यथातथा आहे, पण पोटात जागा भरपूर आणि धार मऊ. सोनमाशाला जोराची धार सोसत नाही."

काकूंचं लक्ष शेजारच्या डब्यावर होतं. तो उंच, चकचकीत, निळा दिवा लागणारा. पोट लहान, धार मात्र तीन तोंडांची. "हा छान दिसेल बैठकीत."

"वहिनी, डबा माशांसाठी घेताय का पाव्हण्यांसाठी?"

काकू हसल्या आणि निळा दिवाच बांधून घेतला. नदाफांनी सुतळीची गाठ मारता मारता सांगितलं, "बरं, एवढं तरी करा. जुना स्पंज टाकू नका. दीड महिना दोन्ही एकत्र चालवा, नाहीतर तोच कापून ह्या डब्यात घाला. माशांची घाण खाऊन टाकणारे बारीक जीव त्या स्पंजात असतात, तो ओला आहे तोवर जगतात. नव्या डब्यात अजून कुणी राहायला आलेलं नाही."

काकूंनी ऐकलं नाही असं नाही. ऐकलं. ड्रममध्ये नळाचं पाणी त्यातलं औषध उडावं म्हणून दोन दिवस उघडं ठेवलं, कारण नवरा तसं करायचा. मासे अलगद बादलीत काढले. वाळू गरम पाण्यानं सात वेळा धुतली. काच घासली, पुसली, पुन्हा पुसली. मग तो स्पंज हातात घेतला. बोटांना बुळबुळीत लागलं. एवढ्या झळझळीत डब्याशेजारी हे लोंबतं ठेवायचं? काकूंनी तो चिमटीत धरून परसातल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला आणि हात साबणानं धुतले.

गल्लीतल्या बायका टाकी बघायला आल्या. शेवंताबाई तर दोनदा आल्या. "अगंबाई, मासे हवेत उडाल्यासारखे दिसतायत!" त्या दिवशी रत्नाकाकूंना जेवणसुद्धा सुचलं नाही, इतका आनंद झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरपंच वरच होता. उपसरपंचही वर. दोघं पाण्याच्या तोंडाशी येऊन ओठांची उघडझाप करत होते. भूक लागली असेल म्हणून काकूंनी चिमूट टाकली. दोघांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात कोल्हापूरहून फोन आला.

"सरपंच काय म्हणतोय?"

"मजेत आहे."

"वर येतो ना?"

"येतो की. वरच असतो."

"आणि स्पंज?"

काकूंनी खिडकीतून परसात बघितलं. घंटागाडी त्यांच्या गल्लीत आठवड्यातून दोनदाच यायची, त्यामुळे बादली अजून तशीच होती. झाकण अर्धवट. दोडक्याच्या सालींवर तो काळा स्पंज पडला होता. ओला होता अजून. लांबून दिसत होता तसा. गल्लीच्या टोकाला घंटागाडीचं गाणं लागलं होतं.

"अहो..."

"काय गं?"

एवढंच म्हणायचं होतं, की मी टाकलाय, आता काय करू? पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. आनंदाची गंमत गेली असती. आणि ज्या बाईच्या हातून घरात कधी काही चुकलं नव्हतं, तिचं चुकलं असतं.

"काही नाही. आहे की स्पंज जागेवर," काकू म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी स्वतःच्या हातानं बादली नेऊन घंटागाडीत रिकामी केली.

पाचव्या दिवशी उपसरपंच तळाला आडवा पडलेला दिसला. काकू पदर खोचून तशाच नदाफांकडे धावल्या.

"स्पंज?" नदाफांनी विचारलं.

"घंटागाडीत गेला."

नदाफांनी सुस्कारा सोडला. "पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतंय, वहिनी. माशांना ते विष झालंय. त्यांचीच घाण पाण्यात उतरतेय आणि ती खाणारं कुणी नाही. रोज अर्धं पाणी बदला. खाणं बंद."

काकूंनी रोज पाणी बदललं. ड्रममधल्या पाण्याच्या बादल्या उचलून त्यांची कंबर धरली. सरपंच मोठा, दमाचा. तो बारा दिवस झुंजला. दिगंबररावांची एसटी यायची त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो कुशीवर तरंगत होता. काकूंनी त्यालाही कढीपत्त्याच्या झाडाखाली उपसरपंचाशेजारी पुरलं आणि पुन्हा दुकान गाठलं.

"अगदी सरपंचासारखाच एक द्या. एवढाच, असाच पोटाचा."

"देतो. पण त्या पाण्यात तोही मरेल." नदाफ खाली बघत म्हणाले, "आणि वहिनी, साहेबांना आता दिसतंय."

दुसऱ्या दिवशी दिगंबरराव आले. चपला काढल्या, काळा चष्मा काढला आणि बायकोकडे बघून हसले. "म्हातारी झालीस गं," म्हणाले. मग टाकीपाशी गेले. सवयीनं काचेला नाक लावायला वाकले आणि मध्येच थांबले, कारण आता त्याची गरज नव्हती. त्यांनी वर बघितलं, तळाला बघितलं, वाळूतल्या दगडामागे बघितलं.

"पाणी किती नितळ दिसतंय," ते म्हणाले.

काकूंना रडू फुटलं. त्यांनी सगळं सांगितलं. दुकान, निळा दिवा, नदाफांचं बोलणं, परसातली बादली, आणि तो फोनसुद्धा.

दिगंबररावांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"मी फोन केला तेव्हा स्पंज घरात होता?"

"होता."

"ओला होता?"

"ओला होता."

मग त्यांनी काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ओरडले असते तर काकूंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून दिगंबरराव रोज सकाळी त्या रिकाम्या टाकीत चिमूटभर खाणं टाकू लागले. शेवंताबाईंनी ते खिडकीतून बघितलं. डोळे आले आणि डोकं गेलं की काय, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी काकूंना गाठून हळूच विचारलंच.

"नवा डबा जुना व्हायला हवा म्हणे," काकू म्हणाल्या. "ते खाणं कुजतं, त्यावर ते बारीक जीव धरतात. मासे नसले तरी घाण लागते."

शेवंताबाईंना आपलं शेवाळाचं बोलणं आठवलं. त्या दिवशी त्या विरजण न मागताच परत गेल्या.

दिवस गेले. काचेवर पातळ हिरवी साय आली. डबा उघडला तर आतला पांढरा स्पंज तपकिरी झालेला, बोटांना बुळबुळीत लागणारा. एकदा काकूंनी सवयीनं फडकं उचललं, काचेपाशी गेल्या आणि तसंच घडी घालून ठेवलं. दीड महिन्यानं नदाफांनी पाणी तपासलं आणि म्हणाले, "आता आलेत राहायला." येताना ते तो राखाडी, बसक्या पोटाचा डबा घेऊन आले होते. निळ्या दिव्याच्या डब्यातला बुळबुळीत स्पंज त्यांनी न धुता त्यात घातला आणि मगच दोन लहान मासे पाण्यात सोडले.

"ह्यातला मोठा सरपंच म्हणायचा का?" काकूंनी भीत भीत विचारलं.

दिगंबररावांनी मोठ्याकडे बघितलं. आता त्यांना एकेक खवला दिसत होता.

"नको," ते म्हणाले. "ज्याला बघायचं होतं, तो बघायचा राहिला."

तात्पर्य: दुसऱ्याच्या जगण्यातली जी गोष्ट आपल्याला घाण वाटते ती मायेपोटीसुद्धा न विचारता फेकू नये, आणि फेकलीच, तर घंटागाडी दारात येण्याआधी चूक कबूल करावी.